मदत हवी आहे: अमेरिकेत छोटी युरोपीय केबिनवाली शिडाची बोट कुठून मिळवावी?

मंडळी, इथे बोटवाले किती आहेत कल्पना नाही, पण न्यू जर्सीपासून सिएटलपर्यंत पसरलेल्या आपल्या लोकांत शिडाचा एखादा तरी वेडा निघेल म्हणून विचारतोय.

आम्ही मेरीलँडमध्ये, अ‍ॅनापोलिसपासून अर्ध्या तासावर राहतो. मी, बायको आणि दहा वर्षांची लेक. पाच वर्षं क्लबच्या बोटींवर हात बसवला, आता घरची हवी. १९ ते २१ फूट लांब, तिघं झोपतील एवढी केबिन, दोन-अडीच फूट पाण्यात चालणारी आणि आमच्या हायलँडर गाडीमागे ट्रेलरवर ओढता येणारी. 'पॉकेट क्रूझर' म्हणतात ती जात. आमच्या इथल्या चेसापीक बे या उपसागराची सरासरी खोली जेमतेम २१ फूट, आणि खाड्यांच्या तोंडाशी तर त्याहून कितीतरी कमी. पाच फूट कील (बोटीच्या तळाखालचा खोल, जड पंख) घेऊन तिथे गेलात तर बोट चिखलात रुतून बसते.

खरं दुखणं सुरू झालं इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत पॅडस्टोला होतो. समोर, खाडीच्या पलीकडे, रॉक नावाचं गाव. ओहोटीला फेरी नेहमीच्या धक्क्यावरून न सुटता खालच्या वाळूवरून सुटते, म्हणजे चपला हातात घेऊन जायचं. (देवगडची आठवण आली, खोटं कशाला बोलू.) पलीकडे ओल्या वाळूवर 'कॉर्निश श्रिम्पर १९' जातीच्या बोटी टेकल्या होत्या, किंचित एका अंगावर, म्हशी बसतात तशा. डोलकाठीच्या मागे तिरकी काठी, वीटकरी रंगाची शिडं, सेंटरप्लेट (तळातून वर-खाली करता येणारी पाटी, हिलाच सेंटरबोर्डही म्हणतात) वर घेतली की दोन फूट पाणी पुरतं. रॉजर डाँग्रे यांचं डिझाइन, १९७९ पासून हजाराच्या वर बांधल्या गेल्या. लेक म्हणाली, "बाबा, ही चित्रातली बोट आहे." झालं, तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

परत आल्यावर शोधायला लागलो. इंग्लंडच्या जाहिरातींत श्रिम्पर ढिगाने. फ्रान्सला गेलं तर बेनेतोच्या फर्स्ट २१०, जानोच्या छोट्या बोटी. बेल्जियमची एटाप २१ तर आईच्या मनात भरली आहे, कारण तिच्या आतल्या आणि बाहेरच्या कवचांमध्ये फोम भरलेला असतो, भोक पडलं तरी ती बुडत नाही. आईने फोनवर तेवढंच ऐकलं आणि म्हणाली, "मग तीच घे, बाकीचं मला सांगू नको." अमेरिकेत मात्र यातलं काही दिसलंच तर अगदी तुरळक, आणि तेही मेन किंवा वॉशिंग्टन राज्यात. बेनेतोचा कारखाना साउथ कॅरोलिनात १९८६ पासून होता, पण तिथून निघायच्या त्या मुख्यतः मोठ्या बोटी. गंमत म्हणजे इथे सहज मिळणारी एकच 'युरोपीय' छोटी बोट आहे, वेस्ट वाइट पॉटर. नाव आणि मूळ इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटचं, पण वाढली कॅलिफोर्नियात.

मला वाटतं कारण साधं आहे. इथे 'कॅटलिना २२' जातीच्या जुन्या अमेरिकन बोटी रग्गड पडल्या आहेत (१५,००० च्या वर बांधल्या गेल्या), दोन-तीन हजार डॉलरला मिळतात. त्यांच्यासमोर महागडी १९ फुटी आणून कोण विकेल?

मध्ये एक सत्तरच्या दशकातली, दोन कीलवाली ब्रिटिश बोट बघून आलो. मालक म्हणाला, "ओल्ड बट सॉलिड." खाली आडवा झालो तर डाव्या कीलच्या जोडावर गंजाचा तपकिरी ओघळ. हाताचं बोट लावलं, ओलं. चार महिने पाण्याबाहेर असलेल्या बोटीचं बूड ओलं! निमूट कपडे झाडले आणि घरी आलो.

माझे प्रश्न:

इंग्लंडहून कुणी स्वतः बोट आणली आहे का? कंटेनरमधून की रो-रो जहाजाने (ज्यात चाकांवरचा माल थेट आत ढकलतात)? तिकडचा सर्व्हेयर (बोट तपासणारा जाणकार), आपण हजर नसताना, विश्वासाने कसा निवडायचा? आणि प्रामाणिकपणे सांगा, हे सगळं करण्यात अर्थ आहे का, की इथलीच कॉम-पॅक ही छोटी अमेरिकन बोट घेऊन गप्प बसावं?

भर १: एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. कनेक्टिकटच्या एका दादांनी डोळे उघडले. त्यांचं म्हणणं, बोटीपेक्षा तिच्यासोबत येणाऱ्या वस्तू जास्त छळतात. आउटबोर्ड इंजिनाला (बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन) ईपीए या अमेरिकी पर्यावरण खात्याचं प्रमाणपत्र नसेल तर ते कस्टम्समध्येच अडकतं, म्हणून इंजिन तिकडेच विकून टाकायचं. ट्रेलर हे कायद्याने वाहन, २५ वर्षांच्या आतला असेल तर इथल्या सुरक्षा-नियमांत बसावा लागतो, म्हणजे तोही इथेच घ्यायचा. मग बोटीखाली घालायला लाकडी पाळणा बनवून घ्या, त्याचे वेगळे पैसे. आयातशुल्काचं जुन्या माहितीवर विसंबू नका, आधी कस्टम ब्रोकरला विचारा. वर मेरीलँडचा पाच टक्के कर आहेच.

भर २: एका ताईंनी विचारलंय की उद्या पर्यटक फिरवून खर्च काढता येईल का. नाही. परदेशात बांधलेल्या बोटीवर पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत, त्यासाठी खास सूट मिळवावी लागते. स्वतःच्या हौसेला मात्र बंदी नाही.

त्यांचाच दुसरा प्रश्न जास्त झोंबला: "दोन कील कशाला हव्यात? अ‍ॅनापोलिसला भरती-ओहोटीत फूटभर तरी फरक पडतो का?" बरोबर आहे. ब्रिटनमध्ये बंदरंच्या बंदरं कोरडी पडतात, तिथे सरळ उभी राहणारी बोट लागते. इथे सेंटरबोर्ड पुरे. दोन कीलवाल्या यादीतून काढल्या.

भर ३: बायकोने हिशेबाची वही समोर ठेवली. नेण्या-आणण्याचा खर्च बोटीच्या किमतीच्या निम्म्यावर जातोय. श्रिम्पर मनातून गेलेली नाही, पण शनिवारी डेलावेअरला एक वापरलेली कॉम-पॅक १९ बघायला जातोय. फायबरग्लासमधला ओलावा मोजायचं मीटर कुणाकडे असेल तर एका दिवसासाठी उसनं मिळेल का? न्यायला-आणून द्यायला मीच येईन.