मदत हवी आहे : मिरेप्सोसच्या कृतींमध्ये हरताळ की दालचिनी?

मंडळी, निकोलस मिरेप्सोस या १३व्या शतकातील बायझंटाईन वैद्याच्या 'डिनामेरॉन' या २६०० हून अधिक औषधी कृतींच्या संग्रहातल्या काही कृती मराठीत आणतोय. दोन ठिकाणी अडलोय.

पहिलं, 'आर्सेनिकॉन'. ग्रीकमध्ये याचा अर्थ हरताळ, म्हणजे आर्सेनिकचं पिवळं, विषारी खनिज. पण अरबी 'दारसिनी' म्हणजे आपली दालचिनी, आणि तिच्या जागी त्याने चुकून हरताळ लिहिली, असा जुना आक्षेप आहे. चुन्यासोबत, केस काढण्याच्या लेपात आली तर ती हरताळच. मिरी, सुंठ, मधाच्या चाटणात आली की शंका येते. मात्र तेवढ्यावर निकाल लागत नाही, कारण डायोस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याने मनशीळही (आर्सेनिकचंच लाल खनिज) मधातून चाटायला सांगितली आहे! मग ठरवायचं कशावरून? समांतर अरबी कृती कुणी ताडून पाहिल्या आहेत का?

दुसरं, वजनं. लित्रा (बायझंटाईन रत्तल) सुमारे ३२४ ग्रॅम धरला तर त्याचे भाग असलेले द्राख्मी (१/९६) ३.३७५ आणि एक्साजिऑन (१/७२) ४.५ ग्रॅम. नकलाकाराने या दोन वजनांच्या खुणांची गफलत केली तर मात्रा थेट तिसऱ्या हिश्शाने वाढते, अफूच्या गोळीत हे फार गंभीर. पॅरिसमधल्या, १३३९ सालच्या 'डिनामेरॉन'च्या हस्तलिखितातल्या या खुणा वाचता येणारं कुणी आहे का? जर्मन वैद्य फुक्सचं १५४९चं लॅटिन भाषांतर हाताशी आहे, पण मूळ खूण त्यात दिसत नाही.