घरच्या पोरांना जुनी गाडी द्यायचीय, तुमचे अनुभव सांगा

सोलापूरकरांनो, लाखाच्या वर पळालेली जुनी गाडी ज्यांनी घरच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरापोरींना वापरायला दिलीय त्यांनी इथं सविस्तर लिहा. आमच्याकडं मेहुण्यांची २०११ची अल्टो आलीय, मीटर १ लाख ३४ हजार. मुलाला पक्कं लायसन मिळालंय आणि कॉलेज केगावच्या बाजूला, म्हणजे रोजचा पुणे हायवे. बजेट तीस हजार, त्यात इन्शुरन्स पण आला. एसी बंद आहे, कलर उडालाय, ते राहू दे. आधी पैसा कशावर घालायचा ते सांगा.

*

दादा, डोळे झाकून ब्रेक आणि टायर. आम्ही जुळे सोलापूरला राहतो, मोठ्याला जुनी वॅगन आर दिली तेव्हा फिटरला पहिलं हेच सांगितलं की चारी चाकं उतरव आणि मला बोलव. पुढचे पॅड बरे होते पण मागच्या ड्रममध्ये ब्रेकचा सिलिंडर पाझरून लायनर (घासून चाक थांबवणारे पट्टे) ओले झालेले, हे नुसती गाडी चालवून कळलं नसतं. ब्रेक ऑइल पण काळं पडलेलं. ते हवेतली ओल धरतं, त्यामुळं दोन वर्षांत बदलायचंच, खर्च फार नाही. टायरचं म्हणाल तर नक्षी बघून फसू नका, कडेला चार आकडे असतात ते वाचा, २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या वरचा टायर नक्षी असली तरी मी पोराच्या गाडीला ठेवणार नाही, आपल्याकडं मे महिन्यात डांबर कसलं तापतं माहितीय की. आणि स्टेपनीची तारीख पण बघा, ती सगळ्यात जुनी निघते. या गाड्यांना एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय) नसतं, जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होतं आणि स्टेअरिंग ऐकत नाही, म्हणून मी पोराला एका रविवारी मोकळ्या मैदानात नेऊन ब्रेक दाबायचा, जाम झालं की थोडा सोडायचा, परत दाबायचा हे हळू स्पीडला करून घेतलं. टायर बदलण्याइतकंच ते गरजेचं आहे असं माझं ठाम मत आहे.

*

माझं सांगणं एकच, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं म्हणून आपल्या घरोघरी बोअर, आणि गाडीत पण तेच ओतायची सवय. आमच्या जुन्या गाडीचं रेडिएटर होटगी रोडच्या कारागिरानं उघडून दाखवलं तर आतल्या नळ्यांना पांढरा-पिवळा क्षार बसलेला, गिझरच्या कॉइलवर बसतो अगदी तसाच, निम्म्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. साफ करून घेतलं, होज पाइप नवे टाकले, आणि तेव्हापासून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर सोडून काही घालत नाही. बरेच फिटर गाडी हीट होते म्हटलं की थर्मोस्टॅट (इंजिनाचं पाणी रेडिएटरकडं कधी सोडायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतात, ते करू देऊ नका, मूळ दुखणं तसंच राहतं. आणि पोराला हे शिकवा की काटा वर चढला की एसी बंद, गाडी कडेला, इंजिन बंद, आणि थंड झाल्याशिवाय टोपणाला हात लावायचा नाही. गरम रेडिएटरचं टोपण उघडून हात-तोंड भाजून घेतलेली पोरं मी बघितलीत.

*

मी १९ वर्षांची आहे, पप्पांची जुनी मारुती आठशे चालवते, अक्कलकोट रोडनं रोज. पप्पांनी किल्ली देताना अट घातली की स्टेपनी स्वतः बदलून दाखव. जॅक लावायच्या आधी नट थोडे ढिले करायचे हे मला तेव्हा कळलं, चाक वर उचलल्यावर ते नुसतं फिरत राहतं. आता रविवारी सकाळी इंजिन थंड असताना ऑइलची पट्टी पुसून बघते, कूलंटची बाटली बघते, टायरची हवा बघते, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं आलं असेल तर गरम पाण्यानं धुऊन व्हॅसलिन लावते. ऑइल दोन सर्व्हिसिंगच्या मधी थोडं कमी होतं, जुन्या इंजिनाला तेवढं चालतं म्हणे, पण किती कमी झालं ते मी वहीत लिहून ठेवते म्हणजे वाढलं तर लगेच कळतं. मैत्रिणी विचारतात भीती नाही वाटत का जुन्या गाडीची. मला तर उलट ती ओळखीची वाटते, कुठला आवाज रोजचा आणि कुठला नवा ते कळतं.

*

ताई भारी, घरोघरी अशी वही पाहिजे.

माझं गॅरेज आहे, म्हणून दोन गोष्टी. अल्टोच्या त्या ७९६ सीसी इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो, म्हणजे आतल्या व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा रबरी पट्टा. मेहुण्यांकडं बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून चाला आणि तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरसकट नवा टाका, हायवेला तुटला तर गाडी जागेवर बंद. दुसरं, पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, २०११च्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप त्या हिशोबानं बनवलेले नाहीत, कडक झालेत का, चिरा गेल्यात का ते बघून घ्या. पेट्रोलचा वास आला तर उद्यावर ढकलू नका. कलर, सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम, यातलं काही आत्ता करू नका, पोरगं कितीही मागं लागलं तरी.

*

कागदपत्रांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १५ वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवून परत पाच वर्षांचं पासिंग (रजिस्ट्रेशन वाढवून घेणं) आणि वर ग्रीन टॅक्स, म्हणजे जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर, ते पैसे बाजूला ठेवा. थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) तर लागतोच. पण मालकाचा जो १५ लाखांचा अपघात विमा असतो तो गाडी ज्याच्या नावावर आहे त्याचा, चालवणाऱ्या मुलाचा नाही. त्याच्यासाठी वेगळं कव्हर घ्या, आम्ही घेतलंय. गाडी अजून मेहुण्यांच्याच नावावर असेल तर आधी ती ट्रान्सफर करा.

आणि ज्यांची पोरं सोळा-सतराची आहेत त्यांनी कॉलनीतल्या कॉलनीत म्हणून पण चारचाकी देऊ नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर आईबापाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. आमच्या गल्लीत सतराची मुलं क्लासला गाडी घेऊन जातात, मी त्यांच्या आयांना जाऊन बोलते. वाईटपणा आला तरी चालेल.

*

केगावकडं जाणार म्हणालात म्हणून. हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर पॉलिश करून घ्या, बल्ब नवे टाका आणि फोकस लावून घ्या, हजाराच्या आत होतं. कारखाने सुरू झाले की उसाच्या डबल ट्रॉल्या रस्त्यावर येतात, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि संध्याकाळी समोरच्या ट्रकचा लाइट डोळ्यावर असताना ती ट्रॉली अगदी जवळ गेल्यावरच दिसते. माझ्या मुलाला सांगून ठेवलंय, हंगाम संपेपर्यंत अंधार पडला की साठच्या वर जायचं नाही, आणि उशीर होणार असेल तर गाडी तिथंच लावून बसनं ये, सकाळी आपण जाऊन आणू.