लिनक्ससाठी डिस्कची पार्टिशन्स आणि बॅकअप : आराखडा तपासून हवा आहे

प्रश्न :
नमस्कार. माझ्या संगणकात १ टीबीची एसएसडी आणि १६ जीबी रॅम आहे व त्यावर फक्त लिनक्स बसवायचे आहे. रूटसाठी (सिस्टिमच्या फाइल्स) ३० जीबी, स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडल्यास वापरायची जागा) १६ जीबी, होमसाठी (माझ्या स्वतःच्या फाइल्स) ५०० जीबी आणि उरलेल्या जागेत बॅकअपचे स्वतंत्र पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग), असे योजले आहे. शिवाय एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइल सिस्टिम) फॉरमॅट केलेली २ टीबीची बाह्य हार्ड डिस्क आहे. यात काय बदलावे?

उत्तर १ :
सर्वप्रथम ते बॅकअपचे पार्टिशन काढून टाका. एसएसडी बंद पडते तेव्हा तिच्यावरची सगळी पार्टिशन्स एकदमच जातात, त्यामुळे त्याच डिस्कवरील प्रतीला बॅकअप म्हणताच येत नाही. बॅकअप बाह्य डिस्कवरच घ्या. मात्र तिच्यावरील फाइल्स अन्यत्र हलवून ती एक्स्ट४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) मध्ये फॉरमॅट करा, कारण एनटीएफएसवर लिनक्समधील फाइल्सची मालकी आणि परवानग्या नीट टिकतीलच असे नाही.

रूटला ३० जीबी कमी पडतील. जुने कर्नल (लिनक्सचा गाभा), फ्लॅटपॅक (अ‍ॅप्सची पॅकेजेस) आणि लॉग (सिस्टिमच्या नोंदी) मिळून ती जागा हळूहळू भरत जाते, म्हणून ७० ते ८० जीबी द्या. यूईएफआय (संगणक सुरू करणारे फर्मवेअर) असल्यास सुरुवातीला फॅट३२ फाइल सिस्टिमचे ५१२ एमबी ते १ जीबीचे ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल्ससाठी) लागेल, जे आपल्या यादीत नाही. हायबरनेट (रॅममधील सगळे डिस्कवर साठवून संगणक बंद करणे) वापरणार असाल तर स्वॅप १६ जीबी योग्य आहे. नसाल तर छोटी स्वॅप फाइल पुरते.

माझ्या मते एलव्हीएम (डिस्कच्या भागांचे आकार नंतर सहज बदलू देणारी व्यवस्था) घ्यावे आणि शंभरेक जीबी जागा कोणालाच न देता राखून ठेवावी. एक्स्ट४ चालू संगणकावरही वाढवता येते, पण लहान करायचे झाल्यास ते अनमाउंट (सिस्टिमपासून विलग) करावे लागते आणि रूटच्या बाबतीत त्यासाठी लाइव्ह यूएसबीवरून बूट करावे लागते.

उत्तर २ :
वरील सर्व मान्य. माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. रोज रात्री आरसिंक (फाइल्सच्या प्रती करणारा प्रोग्राम) आपोआप चालेल अशी व्यवस्था मी केली होती. एकदा बाह्य डिस्क माउंट झालीच नाही (म्हणजे सिस्टिमला जोडली गेली नाही), तरी माउंटपॉइंटचा, म्हणजे ती जिथे जोडली जाते तो, रिकामा फोल्डर जागेवर होता, त्यामुळे आरसिंकने कोणतीही तक्रार न करता सगळ्या फाइल्स त्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूट पार्टिशनवरच, उतरवल्या. सकाळी रूट शंभर टक्के भरलेले होते आणि डेस्कटॉपवर लॉगिनच होईना. तेव्हापासून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत माउंटपॉइंट ही आज्ञा देऊन डिस्क खरोखर जोडलेली आहे का, हे मी तपासतो. एफएसटॅबमध्येही (कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणारी फाइल) डिस्कच्या नावाऐवजी यूयूआयडी (पार्टिशनचा न बदलणारा ओळख-क्रमांक) लिहा, कारण एसडीए, एसडीबी ही नावे बूटगणिक बदलू शकतात.

प्रश्नकर्ता :
मनापासून आभार. आरसिंकला डिलीटचा पर्याय द्यावा का?

उत्तर १ :
एकच प्रत ठेवणार असाल तर देऊ नका. होममधून चुकून पुसलेली फाइल त्या पर्यायामुळे पुढच्या फेरीत बॅकअपमधूनही पुसली जाते. त्याऐवजी आरसिंकचाच लिंक-डेस्ट हा पर्याय वापरून दर दिवसाचा वेगळा फोल्डर करा. न बदललेल्या फाइल्स हार्ड लिंकने (त्याच फाइलला दिलेले दुसरे नाव) जोडल्या जातात, त्यामुळे त्या पुन्हा जागा खात नाहीत. पहिला बॅकअप झाला की त्यातील एखादा फोल्डर दुसरीकडे परत आणून फाइल्स उघडून पाहा आणि त्यानंतरच डिस्क संगणकापासून वेगळी करून ठेवा.