मदत हवी आहे : जुना बेसबॉल ग्लव्ह, कोणतं तेल लावू?

ओहायोकर
गराज सेलमध्ये २० डॉलरला जुना ग्लव्ह मिळाला. चामडं पापडासारखं कडक झालंय. रविवारच्या आत मऊ करायचाय. कोणतं तेल? घाई आहे.

चिंचपोकळी_फास्ट
नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं) चोळा आणि उन्हात ठेवा. मुलाचा ग्लव्ह मी असाच केला.

अडगळवाला
थांबा! ऊन अजिबात नको. जुना म्हणजे किती? बोटं वादीने एकमेकांना बांधलेली आहेत की सुटी? अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये काय आहे? फोटो टाका.

ओहायोकर
फोटो चढत नाहीये. बोटं सुटी. मध्ये इंचभर चामड्याची पट्टी शिवलीये. त्याने काय फरक पडतो? तेल सांगा ना.

अडगळवाला
अहो, सगळा फरक तिथेच आहे. सेंट लुईचा पिचर (चेंडू टाकणारा) बिल डोक याने १९१९ च्या सुमारास ग्लव्ह बनवणाऱ्या रॉलिंग्ज कंपनीला सुचवलं, की तिथे चामड्याच्या वाद्यांचं जाळं विणा, म्हणजे चेंडू बसायला खळगा होईल. त्याआधी ग्लव्ह म्हणजे तळहाताला गादी, झेल दोन्ही हातांनीच. तुमची पट्टी त्या जुन्या घडणीची. पण स्वस्तातले ग्लव्ह नंतरही तसेच निघत, लगेच हुरळू नका. मनगटापाशी कापडी लेबल आहे का? शाबूत असेल तर संग्राहक जास्त मोजतात. तेलाने चामडं काळं पडतं, लेबलावर डाग जातो तो वेगळाच.

गल्ली_क्रिकेट
गादी कसली! आम्ही सीझन बॉल उघड्या हातांनी झेलायचो.

अडगळवाला
तेव्हा तिकडेही असंच बोलायचे. १८७५ मध्ये चार्ल्स वेट या बेसबॉल खेळाडूने कातडीच्या रंगाचा ग्लव्ह घातला, कुणाला दिसू नये म्हणून. तरी लोक हसलेच. दोन वर्षांनी स्पाल्डिंग या दुसऱ्या खेळाडूने मात्र काळा घातला. त्याचं खेळसाहित्याचं दुकान होतं, लपवून कसं चालेल?

चिंचपोकळी_फास्ट
इतिहास पुरे. ग्लव्ह खेळायला असतो, शोकेसमध्ये ठेवायला नाही.

ओहायोकर
तेच म्हणतो. रविवारी मुलाचा पहिला सराव आहे.

अडगळवाला
हे आधी सांगायचं! त्या पट्टीत चेंडू ठरणार नाही, पोराचा हात शेकेल. त्याला नवा घ्या.

विमानतळी
भारतात नेणार असाल तर चेक-इन बॅगेत टाका. जुन्या चामड्याचा वास येतो.

ओहायोकर
नेणार नाहीये. कापडी लेबल आहे. आणि अंगठ्याला काल रात्रीच खोबरेल लावलंय. निघेल का?