बाटलीकडून पुन्हा वडीकडे : तुमचा अनुभव सांगा

अबोलीचा_गजरा :
मागील महिन्यात आईचे लोखंडी कपाट आवरायला घेतले. ती जाऊन दीड वर्ष झाले, तरी साड्यांच्या कप्प्याला हात लावण्याचे धैर्य होत नव्हते. इरकली आणि नारायणपेठी यांच्या घड्यांमध्ये चंदनाच्या साबणाची एक वडी खोक्यासकट सापडली. कपड्यांना वास लागावा म्हणून ती नेहमीच अशी एखादी वडी साड्यांत सरकवून ठेवत असे आणि दिवाळीत पहिल्या आंघोळीला तीच बाहेर काढत असे, हे मी पार विसरून गेले होते.

मी गेली अकरा वर्षे आंघोळीला बाटलीतील जेल वापरत आले आहे. जाळीच्या गोळ्यावर थोडेसे ओतले की भरपूर फेस, मोरीत बुळबुळीत वडी नाही, साबणदाणी घासण्याची कटकट नाही, यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी योगायोगाने जेल संपले होते, म्हणून ती वडी उघडली. वाळून ती इतकी टणक झाली होती की कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. पहिले दोन दिवस ती हातात नुसती गोट्यासारखी फिरली, फेस म्हणून आला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र वरचा थर सुटला आणि दाट, बारीक फेस आला. अंग पुसून दंडावर बोट फिरवले तेव्हा ते करकरले. जेलने आंघोळ झाल्यावर दोन तांबे जास्त ओतले तरी अंगावर काहीतरी राहून गेल्यासारखे मला नेहमी वाटत असे. ही करकर मी अकरा वर्षांत ऐकली नव्हती.

अडचण एवढीच आहे की थंडीमुळे माझ्या पोटऱ्या भुरकट पडल्या असून नखाने पांढऱ्या रेघा उमटतात. अंग ओलसर असतानाच चार थेंब खोबरेल तेल चोळते, त्याने निभते आहे. ज्यांनी असा बदल केला, त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. करून पुन्हा बाटलीकडे वळला असाल तर तेही अवश्य लिहा.

हिशेबनीस :
आमच्या घरी हा बदल भावनेपोटी झाला नाही, वाण्याच्या बिलामुळे झाला. चौघांना अडीचशे मिलिलिटरची बाटली जेमतेम दहा दिवस पुरत असे, कारण चिरंजीव पंप एकदा दाबून थांबत नसत, चारदा दाबून उरलेला फेस भिंतीवर उडवत असत. महिन्याचे साडेपाचशे रुपये नुसते मोरीत वाहत होते. सव्वाशे ग्रॅमची वडी आम्हाला बारा दिवस पुरते आणि महिन्याचा खर्च दीडशेच्या आसपास राहतो.

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाच्या साबणाच्या वडीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, बाटलीतील द्रवावर मात्र तो १८ टक्केच राहिला. झुरिखच्या तंत्रविद्यापीठातील २००९ सालच्या एका अभ्यासात हात धुताना एका वेळी वडीचा सुमारे ०.३५ ग्रॅम, तर द्रव साबणाचा सुमारे २.३ ग्रॅम वापर धरलेला आहे. आमच्या चिरंजीवांना त्या अभ्यासात घेतले असते तर दुसरा आकडा बराच वर गेला असता.

पारिजातक :
अबोली, साड्यांमधली ती वडी वाचून गलबलले. माझी आजी नवे साबण आणले की वेष्टन काढून माळ्यावर परातीत महिनाभर वाळत ठेवायची आणि आम्ही तिच्या चिक्कूपणाला हसायचो. वडीतील पाणी उडून गेले की ती कडक होते आणि कमी झिजते, हे साधे गणित तिला शाळेत न जाता ठाऊक होते. तुमच्या वडीला फेस उशिरा आला, त्याचे कारणही तेच असावे.

टँकरग्रस्त :
मी पुण्याबाहेरील एका नव्या वसाहतीत राहतो. येथे अर्धे पाणी बोअरचे आणि अर्धे टँकरचे असते. असेच कौतुक वाचून मीही दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने वडी आणली होती आणि तीन आठवड्यांत हात टेकले. वडी कितीही घासली तरी फेसाऐवजी पांढरट चोथा तयार होत असे, तो काखेत आणि कानामागे चिकटून राहत असे, आणि बादलीच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेपर्यंत राखाडी कड जमत असे. पत्नीने ती कड नखाने खरवडून माझ्यासमोर कागदावर ठेवली होती, म्हणून नीट लक्षात आहे.

दोष साबणाचा नव्हता. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातील स्निग्धाम्लांशी बांधले जातात आणि त्यांचा न विरघळणारा साका होतो. आधी त्या क्षारांचे पोट भरायचे आणि मग उरलेल्या साबणाने आपले अंग धुवायचे, असा हा व्यवहार आहे. जेलमध्ये बहुधा साबण नसतोच, दुसऱ्या प्रकारचे फेसकारी द्रव्य असते आणि त्याचा असा साका होत नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे धरणाचे मऊ पाणी येते, त्यांनी वडीचे गुणगान जरूर करावे. मी अजूनही बाटलीवरच आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

मुक्काम_मालवण :
टँकरग्रस्त, तुम्ही खोबरेल तेलाचा साबण वापरून पाहिला आहे का? आमच्या विहिरीचे पाणी वैशाखात मचूळ होते, त्या वेळी बाजारातील गुळगुळीत सुगंधी वड्या हात वर करतात, पण निव्वळ खोबरेलाच्या साबणाला फेस येतो. खाऱ्या पाण्यात चालणारे साबण पूर्वीपासून याच तेलाचे करीत असत. वहिनी घरीच करते. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचे नाही, आणि ते करताना मुलांना अंगणातसुद्धा थांबू द्यायचे नाही, असा तिचा दंडक आहे. वड्या कापून चार ते सहा आठवडे फळीवर ठेवल्याशिवाय ती कोणाला हात लावू देत नाही. हा साबण अंग फार कोरडे करतो, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

टँकरग्रस्त :
नाही, वापरलेला नाही. या सूचनेबद्दल आभारी आहे. रविवारी बाजारात शोधतो आणि कागदावरचा पुढील अहवाल येथे सादर करतो.

हळदीचा_हात :
मला लहानपणापासून त्वचेचा कोरडा इसब आहे, म्हणून या विषयात नाइलाजाने जाणकार झाले. खरा साबण अल्कधर्मी असतो. त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता मोजण्याचा आकडा) साधारण नऊ ते दहा असतो आणि आपल्या त्वचेचा पाचच्या आसपास. निरोगी त्वचा हा फरक सोसून थोड्या वेळात पूर्ववत होते, माझ्यासारखीची होत नाही. वडीच्या आकाराची प्रत्येक वस्तू साबण नसते, हे मला त्वचेच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा समजावले. सिंडेट नावाचा जो प्रकार मिळतो, तो वडीसारखा दिसतो, पण आतून सौम्य धुलाईद्रव्याचा असतो. बाटली सोडून मी त्याकडे वळले आणि गेली चार वर्षे ठीक आहे. टँकरग्रस्त यांच्या पाण्यातही त्याचा साका होणार नाही.

खऱ्या साबणाची निवड करणाऱ्यांनी वेष्टनाची मागची बाजू वाचावी. तेथे बारीक अक्षरांत टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्ध अंशाचे प्रमाण दिलेले असते. भारतीय मानकानुसार अंगाच्या साबणाच्या पहिल्या श्रेणीला किमान ७६ टक्के, दुसरीला ७० आणि तिसरीला ६० टक्के लागतात. 'बेदिंग बार' असे लिहिलेले असेल तर ४० टक्क्यांवरही भागते. मी पूर्वी वास घेऊन साबण घेत असे, आता भिंग घेऊन जाते आणि दुकानदार वैतागतो. अर्थात हा आकडा साबणांची आपसांत तुलना करण्यासाठी आहे. सिंडेटला तो लावण्यात अर्थ नाही.

अबोली, तुमच्या पोटऱ्यांसाठी एक सांगते. रोज सर्वांगाला साबण लावण्याची गरज नसते. काखा, जांघा, पावले आणि मान एवढ्यालाच लावा, बाकीच्या अंगावर नुसते पाणी पुरे. आठ दिवसांत रेघा कमी होतील.

लालवडी :
आम्ही गिरगावातील चाळीत नऊ माणसे होतो आणि मोरीत एकच लाल कार्बोलिक वडी होती. त्या वेळी कोणाला जंतू आठवले नाहीत. आता माझी सून म्हणते की वडी सर्वांनी वापरणे अनारोग्याचे आहे आणि तिने प्रत्येकाच्या नावाची बाटली ठेवली आहे. मी वाद घातला नाही, फक्त वाचन केले. अमेरिकेत १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वड्यांवर मुद्दाम जिवाणू सोडून त्यांनी सोळा जणांना हात धुवायला लावले आणि नंतर तपासले, तेव्हा कोणाच्याही हातावर ते जिवाणू सापडण्याइतके उतरलेले नव्हते. प्रयोग साबणवाल्या कंपनीच्याच लोकांनी केलेला होता, हे सुनेने तत्काळ दाखवून दिले, आणि तिचे म्हणणे रास्त आहे.

चाळीतला खरा प्रश्न जंतूंचा नव्हता, केसाचा होता. वडीवर चिकटलेला केस कोणाचा, यावरून आमच्या दोन काकांनी एकमेकांशी आठवडाभर अबोला धरला होता. मग आजीने नियम केला की ज्याची आंघोळ झाली त्याने वडी धुवून उभी ठेवायची, आडवी नाही. मी आता माझ्या खोलीतील न्हाणीघरात स्वतंत्र वडी ठेवली आहे आणि सुनेने दिलेली बाटली पाहुण्यांसाठी राखली आहे.

हिशेबनीस :
लालवडी, दोन्ही काकांना टक्कल होते, असे पुढे लिहू नका. हसून चहा सांडला आहे.

लालवडी :
एकाला होते. म्हणून तर दुसरे अडकले.

काळजीवाहू :
थोडा वेगळा अनुभव लिहिते. माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे असून त्यांच्या बोटांचे सांधे आखडलेले आहेत. त्यांना आयुष्यभर वडीची सवय, म्हणून मीही तोच हट्ट धरला होता. दोन वर्षांपूर्वी वडी हातातून निसटून फरशीवर गेली, ते ती उचलायला वाकले आणि त्यांचा पाय तिच्यावरच पडला. सुदैवाने बादलीचा काठ हाती लागला आणि ते नुसतेच खाली बसले. त्या दिवसापासून त्यांच्यासाठी पंपाची बाटली भिंतीला बसवलेली आहे. ते रोज तक्रार करतात की हे अंगाला लागते की नाही तेच कळत नाही. मी ऐकून घेते. ज्यांच्या घरी वृद्ध माणसे आहेत, त्यांनी हौसेपोटी बाटली काढून टाकण्यापूर्वी एकदा त्यांच्या मुठीकडे पाहावे.

दूरदेशी :
काळजीवाहू, आमच्या सासूबाईंसाठी आम्ही वडी सुती जाळीच्या पिशवीत घालून तिची दोरी नळाला बांधली होती. वडी निसटली तरी लोंबकळत राहायची आणि पिशवीनेच अंगही घासले जायचे. तुमच्या वडिलांना वडीचीच ओढ असेल तर बसून आंघोळ करताना हे जमू शकेल.

मी म्युनिकमध्ये असते आणि मला वडीकडे विमानाने वळवले. हातातल्या सामानात शंभर मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली अनेक विमानतळांवर चालत नाही, हे ठाऊक असूनही मी दोनदा सुरक्षा तपासणीत नवी कोरी बाटली टोपलीत टाकून आले आहे. वडीला कोणी काही विचारत नाही. आता पुण्याहून परतताना दहा वड्या आणते, त्यांतील चंदनाच्या दोन शेजारीणबाईंना जातात. त्यांना मी सांगितले की पहिल्या महायुद्धात युरोपकडे जाणारे चंदन अडकून पडले, म्हणून म्हैसूर संस्थानाने १९१६ साली स्वतःच तेल काढायला घेतले आणि हा साबण त्यातून आला. बाईंनी वडीचा वास घेतला आणि म्हणाल्या की मग आमच्या युद्धातून एक तरी बरी गोष्ट निघाली.

पारिजातक :
साबणदाणीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. वडीविषयीच्या निम्म्या तक्रारी दाणीच्या असतात. मी सुंदर दिसते म्हणून चिनी मातीची, तळाला भोक नसलेली दाणी आणली आणि चार दिवसांत महागड्या वडीची खीर झाली. आता दाणीच्या तळाशी घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीची चकती ठेवते. पाणी खाली निथळते, वडी कोरडी राहते, आणि जाळीत उतरलेल्या साबणाने शेवटी बेसिनही घासून निघते.

अबोलीचा_गजरा :
सर्वांचे वाचते आहे. हळदीचा_हात, तुमचा उपाय सहा दिवस केला आणि उजव्या पोटरीवरच्या रेघा खरोखरच गेल्या. डावीवर थोड्या आहेत, कारण ती पंख्याखाली येते असे माझे अनुमान आहे.

आईची वडी आता चकतीएवढी उरली आहे. तिची रीत अशी होती की जुनी चकती आणि नवी वडी दोन्ही ओल्या करायच्या, एकमेकींवर दाबून रात्रभर तशाच ठेवायच्या आणि सकाळपर्यंत हात लावायचा नाही. काल मी तसे केले. सकाळी उचलली तर चकती अर्धी सुटलेली होती, कारण मी भरपूर पाणी वापरले आणि दाबायचे विसरले. आज पुन्हा लावली आहे आणि वर पाण्याचा तांब्या भरून ठेवला आहे. रिकामे खोके साड्यांत परत ठेवले, त्याला अजून वास आहे.

पारिजातक, घोसाळ्याची जाळी बाजारात मिळत नाही. कशी करता?

पारिजातक :
घोसाळे कोवळे असताना भजी करतो, तेव्हाच वेलीवरची दोन राखून ठेवायची. ती वेलीवरच तपकिरी होऊन हलकी झाली आणि हलवल्यावर आत बिया वाजू लागल्या की काढायची. पाण्यात तासभर बुडवली की साल सोलून निघते. बिया झटकून काढायच्या, जाळी दोन दिवस उन्हात ठेवायची आणि मग सुरीने जाड चकत्या करायच्या. बिया टाकू नका, मला कळवा. या वर्षी माझ्या वेलीला एकच लागले होते आणि त्याचीही यजमानांनी भजी केली.