मोजक्या बजेटमध्ये थंड राहणारं घर : पैसे आधी कुठे घालावेत?

नवी_वास्तू :
आम्ही एकमजली छोटं घर बांधतोय. हवा कोरडी, उन्हाळा कडक. नकाशात हॉलला पश्चिमेकडे मोठी काच आहे आणि ती तापेल म्हणून डबल ग्लास सुचवलीय. कुणी म्हणतं आधी सोलर घ्या, कुणी म्हणतं भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) करा. जर्मनीतल्या पॅसिव्ह हाउसबद्दलही, म्हणजे फारच कमी ऊर्जेत चालणाऱ्या घराबद्दल, वाचलं. सगळं परवडणार नाही. सुरुवात कशापासून करू?

ओळंबा :
ताई, आधी ती पश्चिमेची काच नकाशातून काढा. यात खर्च तर नाहीच, उलट पैसे वाचतात. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, त्यामुळे छज्जा केवढाही काढला तरी ते खालून आत शिरतं. साध्या पारदर्शक डबल ग्लासमधूनही त्यातलं बरंचसं आत येतंच. आतून पडदा लावेपर्यंत उष्णता खोलीत आलेली असते. ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. पश्चिमेला जिना, बाथरूम, कपाटांची भिंत घ्या आणि मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिणेला द्या. आपल्या उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटांचा छज्जा पुरतो. हिवाळ्यात सूर्य खाली उतरला की तेच ऊन घरात येतं.

नंतर छत. एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन छतच खातं, आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात याचं मला फार वाईट वाटतं. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, स्लॅबच्या वरच टाका, खालून नको. स्लॅब उन्हापासून वाचला की तापून-थंडावून तडे जाणंही कमी होतं. त्यावर पांढऱ्या टाइल्सचे तुकडे किंवा पांढरा परावर्तक रंग. स्वच्छ पांढरं छत ७० ते ८० टक्के ऊन परतवतं, धूळ साचली की तेवढं परतवत नाही. उन्हाळ्याआधी धुवायचं.

भिंतींसाठी एएसी चांगलाच, पण चांगली वीट मिळत असेल तर रॅट ट्रॅप बाँड या वीट रचण्याच्या पद्धतीचाही विचार करा. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ती रुजवली. विटा कडेवर उभ्या रचतात, मध्ये पोकळी राहते. साधारण २५ टक्के विटा वाचतात आणि पोकळीतली हवा उष्णतेला अडवते.

जर्मनीतल्या डार्मस्टाटचं १९९१चं पॅसिव्ह हाउस मला मनापासून आवडतं. पण तिथे झुंज थंडीशी होती. वर्षभरात घर तापवायला दर चौरस मीटरला १५ युनिटच्या आत ऊर्जा, हा त्या मानकाचा निकष. आपली झुंज उन्हाशी आहे, खर्चाचा क्रम वेगळाच लागेल.

खारा_वारा :
दमट हवेत हे जसंच्या तसं करू नका. आमच्याकडे रात्रही फारशी थंड होत नाही, मग जाड भिंत निवणार कधी? आम्हाला सावली आणि वारा लागतो.

ओळंबा :
बरोबर आहे. जड भिंती कोरड्या हवेत कामी येतात. दिवसा खिडक्या बंद, रात्री सगळ्या सताड उघड्या. दमट हवेत भिंती हलक्या, छज्जे रुंद आणि वारा आरपार. एक मात्र दोन्हीकडे लागू : स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते. बिजागरीची घेतली तर तेवढ्याच चौकटीतून जवळपास दुप्पट वारा येतो. आणि एकाच भिंतीला खिडकी असेल तर खोलीतून वारा फिरत नाही, समोर किंवा शेजारच्या भिंतीत बाहेर पडायला वाट हवी.

नवी_वास्तू :
गवंडी म्हणतात रॅट ट्रॅपमध्ये वायरिंगची पंचाईत होते. आणि सोलरचं काय?

ओळंबा :
पंचाईत होते ती भिंत झाल्यावर फोडली तर. स्विचबोर्डच्या जागा आधी ठरवा, पाइप वीटकाम चढतानाच पोकळीतून घ्या. चौकटींच्या कडा आणि लिंटेलखालचा (दारं-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईखालचा) थर भरीव ठेवायचा. विटा एकसारख्या मापाच्या हव्यात, वेड्यावाकड्या असतील तर सरळ एएसी घ्या.

सोलर थांबू शकतं, छत थांबू शकत नाही. आत्ता फक्त गच्चीवर सावली न पडणारी जागा राखा आणि मीटरपर्यंत रिकामा पाइप टाकून ठेवा. पंखे मात्र आत्ताच बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे, घ्या. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, हा साधारण ३०. पुढे पॅनलही कमी लागतील.

नकाशा बदलला की खिडक्यांची मापं आणि उत्तर दिशा इथे टाका. छज्जे किती हवेत ते काढून देतो.