पोलीस ठाण्यातील कागदांच्या नकला : माहिती अधिकाराचा अर्ज आधी करावा की शेवटी?

माहितीदूत

पोलीस ठाण्यातून कोणताही कागद हवा असेल, तर विनवण्या करण्यात वेळ घालवू नका. माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि शिक्क्यासह पोच घ्या. एफआयआर असो, पंचनामा असो वा साक्षीदारांचे जबाब असोत, तीस दिवसांच्या आत प्रत द्यावीच लागते. बाकीचे सगळे मार्ग तुम्हाला हेलपाटे घालायला लावण्यासाठीच आहेत.

अ‍ॅड. रेवती

हा सल्ला वाचून मला उत्तर दिल्यावाचून राहवले नाही, कारण असल्याच सल्ल्यावर विसंबून महिना वाया घालवलेले पक्षकार तालुका न्यायालयात माझ्याकडे सतत येतात. कागद कोणता आहे आणि त्या प्रकरणात तुम्ही कोण आहात, या दोन गोष्टींवर मार्ग ठरतो. तुम्ही स्वतः फिर्यादी असाल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) नुसार एफआयआरची प्रत तुम्हाला विनामूल्य आणि तत्काळ मिळाली पाहिजे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १५४(२) खाली हेच होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्यात पीडित व्यक्तीचीही भर पडली आहे. जी गोष्ट सही करून उठतानाच हातात पडायला हवी, तिच्यासाठी दहा रुपये भरून तीस दिवस थांबायला आपण लोकांना का सांगत आहात?

तुम्ही आरोपी असाल, तर सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात दिलेला आदेश पाहा. आरोपीने किंवा त्याच्या वतीने कोणी अर्ज केल्यास ठाण्याने २४ तासांत प्रत द्यायची आहे. एफआयआर दंडाधिकाऱ्यांकडे पोहोचलेली असेल, तर न्यायालयाने दोन कामकाजाच्या दिवसांत नक्कल द्यायची आहे. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार आरोपी हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत जबाब आणि पंचनामे यांच्यासह सगळा संच विनामूल्य मिळतो, आणि वकील लावलेल्या पीडितालाही तो मिळतो. त्याआधी माहिती अधिकारात जबाब मागितलेत, तर ‘तपासास बाधा’ म्हणून त्या कायद्याच्या कलम ८(१)(ज) चा छापील नकार येतो, मग पहिले अपील करावे लागते, मग माहिती आयोगाकडे दुसरे अपील करून वाट पाहावी लागते, आणि तोवर मूळ प्रकरणाच्या तारखा निघून जातात.

माहितीदूत

वकीलबाई, आपण पुस्तकातले पोलीस ठाणे सांगत आहात. आमच्या घरी चोरी झाली, तेव्हा गुन्हाच नोंदवला नाही. साधा तक्रार अर्ज घेतला आणि ‘चौकशी करून कळवतो’ म्हणाले. आता मला सांगा, ज्याची एफआयआरच झाली नाही, त्याने कलम १७३(२) चे काय करायचे? आम्ही साध्या अर्जाने विचारत राहिलो, तेव्हा साहेब कधी बंदोबस्तावर असत, तर कधी संबंधित हवालदारांची बदली झालेली असे. शेवटी माहिती अधिकारात तीनच गोष्टी मागितल्या : आमच्या अर्जाची आवक नोंदवहीतील नोंद, त्या दिवसाच्या स्टेशन डायरीतील (ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीतील) उतारा, आणि अर्ज ज्याच्याकडे चौकशीला दिला त्या अधिकाऱ्याचे नाव व त्याने केलेली कार्यवाही. अर्ज आत गेला आणि त्याच आठवड्यात आम्हाला जबाब नोंदवायला बोलावणे आले.

साध्या अर्जाला मुदत नसते आणि दंडही नसतो. माहिती अधिकारात दिवसाला अडीचशे रुपये, कमाल पंचवीस हजारांपर्यंत दंड अधिकाऱ्याच्या खिशातून जातो, म्हणून कागद हलतो. राहिला ८(१)(ज) चा मुद्दा. तपास चालू आहे एवढेच म्हणून माहिती नाकारता येत नाही, ती दिल्याने तपासाला बाधा कशी येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच भगत सिंग यांच्या प्रकरणात सांगितलेले आहे. आपण लोकांना घाबरवू नये.

निवृत्त_जमादार

मी बरीच वर्षे क्राईम कारकुनाच्या टेबलावर काढली आहेत, त्यामुळे दुसरी बाजूही ऐकावी ही विनंती. माहिती अधिकाराचे बरेच अर्ज ‘सदर प्रकरणातील सर्व कागदपत्रे मिळावीत’ एवढ्याच वाक्याचे असतात. त्यात गुन्हा रजिस्टर क्रमांक नसतो, वर्ष नसते आणि कधी कधी ठाणेही चुकीचे असते. गणपतीचा बंदोबस्त लागलेला असताना कारकुनाने दप्तरातून काय शोधावे? दुसऱ्या गावच्या माणसाने, ज्याचा प्रकरणाशी काडीचा संबंध नाही त्याने, व्यापाऱ्याविरुद्धच्या गुन्ह्याचे कागद मागायचे आणि मग त्याच व्यापाऱ्याच्या दुकानात जाऊन बसायचे, हे प्रकार मी जवळून पाहिले आहेत.

त्याहून वाईट म्हणजे तपास चालू असताना एका साक्षीदाराच्या जबाबाची झेरॉक्स बाहेर गेली, आणि त्या बाईने पुढे न्यायालयात जबाब फिरवला. ती कोणत्या मार्गाने बाहेर गेली हा वाद सोडून द्या, पण तिच्या घरी काय झाले असेल, याचा विचार मागणाऱ्यांपैकी कोणी करतो का?

माहितीदूत

जमादारसाहेब, ती झेरॉक्स ठाण्यातूनच बाहेर गेली, हे आपल्या लिहिण्यातूनच स्पष्ट दिसते आहे. चिरीमिरी देणाऱ्याला जबाब मिळतो आणि कायद्याने मागणाऱ्याला ‘तपासास बाधा’ मिळते, याचीच तर चीड आहे. खंडणीखोरांचे उदाहरण पुढे करून सामान्य अर्जदाराला त्यांच्या रांगेत उभे करणे बंद करा.

निवृत्त_जमादार

सगळ्या खात्यावर शिंतोडे उडवण्याआधी जरा विचार करावा. मी लाच घेऊन नोकरी केलेली नाही.

तिसरा_मजला

आपण सगळे कागद कसा मिळवायचा याबद्दल भांडत आहात. माझा प्रश्न उलटा आहे, तो म्हणजे माझा कागद इतरांना इतक्या सहज का मिळतो? सोसायटीतील पार्किंगच्या वादात मला मारहाण झाली आणि मी फिर्याद दिली. पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारखा निवडल्या की कोणालाही ती उतरवून घेता येते. एफआयआरच्या नमुन्यात फिर्यादीच्या रकान्यात नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्मवर्ष, व्यवसाय, पत्ता आणि मोबाईल क्रमांक असतो. रात्रीपर्यंत ती प्रत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आली, आणि मी सांगितलेले एकेक वाक्य अधोरेखित करून लोक त्यावर मते देत होते. अनोळखी क्रमांकांवरून फोन आले ते वेगळेच. माझ्या फिर्यादीवर पहिला हक्क कोणाचा आहे?

अ‍ॅड. रेवती

ताई, झाले ते वाईट झाले. पण २०१६ चा आदेश मुळात आरोपीच्या हक्कासाठी आहे, कारण आपल्याविरुद्ध काय लिहिले आहे हे कळल्याशिवाय त्याला अटकपूर्व जामीनही धड मागता येत नाही. म्हणूनच २४ तासांत, आणि दुर्गम भागात जास्तीत जास्त ७२ तासांत, एफआयआर संकेतस्थळावर टाकायची आहे. लैंगिक गुन्हे, बालकांवरील लैंगिक अत्याचार, दहशतवाद आणि बंडखोरी असे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. खुल्या एफआयआरमुळे गरीब आरोपींचे किती भले झाले आहे, हे मी रोज पाहते.

तिसरा_मजला

आरोपीला प्रत द्या, त्याच्या वकिलाला द्या, माझी हरकत नाही. शेजारच्या इमारतीतल्या माणसाला माझा मोबाईल क्रमांक कशासाठी हवा आहे? संवेदनशील काय हे ठरवताना माझ्यासारखीचा विचार कोणी केला? आपण वकील आहात, तर मला एवढेच सांगा की तो कागद संकेतस्थळावरून काढून टाकायला मी कोणाकडे जायचे.

माहितीदूत

नाव झाकण्याच्या मागणीला माझा विरोध आहे, कारण झाकाझाक एकदा सुरू झाली की ती फिर्यादीच्या मोबाईल क्रमांकावर थांबत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ ने माहिती अधिकारातील कलम ८(१)(ञ) कसे बदलले, ते पाहा. पूर्वी त्या कलमातच सार्वजनिक हिताची कसोटी लिहिलेली होती. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्या दोन शब्दांवर नकार लिहिता येतो, आणि कलम ८(२) मधील व्यापक सार्वजनिक हित अर्जदाराने पटवून द्यायचे. खासगीपणाच्या नावाखाली उद्या गुन्हा नोंदवून घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नावही झाकतील.

तिसरा_मजला

माझ्या घरी येणाऱ्या फोनची तुलना अधिकाऱ्याच्या नावाशी करू नका. आपल्या लढ्याची किंमत मी का मोजायची?

निवृत्त_जमादार

या बाबतीत मी ताईंच्या बाजूने आहे. संगणकावर नोंद करताना क्रमांक भरावाच लागतो, कारण पुढे तपासाला तो लागतो. पण तपासाची प्रत आणि लोकांनी पाहायची प्रत एकच असली पाहिजे, असे नाही. माहिती अधिकारातही कलम १० आहे, त्याखाली न देण्याजोगा भाग वगळून उरलेला देता येतो. एफआयआर चढवताना तेच करायला काय हरकत आहे?

अ‍ॅड. रेवती

ताईंच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचे, तर २०१६ च्या आदेशात तक्रारीची सोय आहे, पण ती फक्त एका बाजूची आहे. एफआयआर संवेदनशील ठरवून चढवली नाही, तर अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे अर्ज करता येतो आणि तीन अधिकाऱ्यांच्या समितीने तीन दिवसांत निर्णय घ्यायचा असतो. चढवलेली काढून टाका, असे म्हणणाऱ्या फिर्यादीसाठी मात्र त्या आदेशात मार्ग नाही. अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाला लेखी कळवून मोबाईल क्रमांक आणि पत्ता झाकण्याची मागणी करावी, आणि त्यांनी नकार दिल्यास उच्च न्यायालयात रिट याचिका करावी, एवढाच रस्ता मला दिसतो. तो खर्चिक आहे, हे मी नाकारत नाही.

माहितीदूत यांचीही एक गोष्ट मला मान्य करावी लागते. गुन्हाच नोंदवलेला नाही आणि तक्रार अर्ज पडून आहे, अशा ठिकाणी माहिती अधिकार हेच उपयोगी हत्यार आहे, आणि आवक नोंद व स्टेशन डायरीचा उतारा मागणे हा नेमका अर्ज झाला. ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रणासाठीही तोच मार्ग घ्यावा, पण तातडीने. परमवीर सिंग सैनी प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशानुसार अठरा महिन्यांचे चित्रण साठवायचे असले, तरी प्रत्यक्षात ते पुसले जाण्याचा धोका असतो, म्हणून ते जतन करावे अशी विनंती अर्जातच लिहावी. तपास संपून अ, ब किंवा क समरी (म्हणजे दोषारोपपत्राऐवजी प्रकरण बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल) न्यायालयात गेली, की मात्र ठाण्याशी कागदासाठी भांडू नका. समरी मंजूर होण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. ती नोटीस आली, की त्याच दिवशी न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्या, म्हणजे पंचनामा आणि जबाब प्रमाणित नकलेसह मिळतील आणि पुढे हरकत घ्यायला उपयोगी पडतील.

माहितीदूत

एफआयआरच्या प्रतीपुरता वकीलबाईंचा मुद्दा मी धरून चालतो, कारण ती फुकट आहे आणि लगेच मिळायला हवी. पण ठाण्याने ती दिली नाही, तर दुसऱ्याच दिवशी अधीक्षकांना लेखी कळवा आणि त्याच पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. जबाबांच्या बाबतीत माझे मत बदललेले नाही. नकार आला, तर तो कारणांसह लेखी मागा आणि तीस दिवसांच्या आत पहिले अपील करा. ताईंच्या मोबाईल क्रमांकाबद्दल बोलायचे, तर तेवढा आकडा झाकायला माझी ना नाही, नावाला आहे.

तिसरा_मजला

आयुक्त कार्यालयाला अर्ज आजच लिहिते. त्यात फक्त क्रमांक नाही, पत्ताही झाकावा असे लिहिणार आहे, मग येथे कोणाला काही वाटो.

निवृत्त_जमादार

अर्जात गुन्हा रजिस्टर क्रमांक, वर्ष, कलमे आणि फिर्याद दाखल झाल्याची तारीख अवश्य लिहा, आणि संकेतस्थळावर दिसणाऱ्या प्रतीचे पहिले पान जोडा. बारनिशीत (आवक नोंदवहीत) नोंद करून घेतल्याशिवाय तिथून उठू नका.